फुकटची पेज

मंगळवार पेठेत आमचा चटणीचा डंक होता. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. कोल्हापुरात वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदम करून ठेवतात, तेव्हा भाजलेल्या मिरच्यांचे आणि मसाल्याचे डबे घेऊन बायका आमच्या दारात रांगेनं बसायच्या. डबा ठेवून घरी गेलेली बाई मी कधी पाहिली नाही. नाकाला पदर लावायच्या, शिंकून शिंकून बेजार व्हायच्या, पण उखळावरची नजर काढायच्या नाहीत. डंकवाली मूठभर मारते, असं प्रत्येकीचं ठाम मत. मी मारत नव्हते. पण त्यांच्या जागी असते तर मीही तशीच बसले असते, म्हणून मला कधी राग आला नाही. उलट जी बाई जास्त डोळे वटारून बसायची, तिच्याशी माझं चांगलं जमायचं.

हे आधीच सांगून टाकते, कारण घशाच्या कॅन्सरचे हे अनुभव एका संशयी बाईनं लिहिलेले आहेत. दुखण्यातून उठलेली माणसं लिहितात ते मी वाचलंय. त्यात डॉक्टर देवमाणूस असतो, नर्स देवमाणूस असते, शेजारचा पेशंटही देवमाणूस असतो. एवढे देव यांच्याच वाट्याला कसे आले, असं मला वाटायचं. ज्यांना फुकट मिळालेल्या चहाचा आधी वास घ्यावासा वाटतो, अशा माझ्या जातीच्या लोकांसाठी मी हे लिहिते आहे.

कळलं ते असं

नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या उन्हाळ्यात माझा आवाज बसला. डंकाच्या धडधडीवर ओरडून बोलायची सवय, त्यात मिरचीचा खकाणा, त्यामुळे आवाज बसणं आम्हाला नवीन नव्हतं. मध, हळद, ज्येष्ठमध सगळं झालं. हंगाम संपत आला तरी आवाज उठेना, आणि घास गिळताना कळ कानापर्यंत जायला लागली. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, मग घशात नळी घालून काढलेला तुकडा.

रिपोर्ट आणायला मालक गेले होते. मालक म्हणजे आमचे हे. घरी आले आणि म्हणाले, साधी गाठ हाय, थोडा शेक द्यावा लागंल. बोलताना त्यांनी चपला काढून उंबऱ्याच्या आत ठेवल्या. या माणसानं लग्न झाल्यापासून चपला कधी जागेवर ठेवल्या नव्हत्या. मी मनात नोंद केली. दुसऱ्या दिवशी कबनूरहून आमची संगीता आली. तिच्या सासरी कापडाचे माग आहेत, ऐन कामाच्या दिवसात घरातली बाई हलत नाही. ही आली, आल्या आल्या केर काढला आणि दिवसभर माझ्याशी एका शब्दानंही भांडली नाही. तीही नोंद केली.

तरी खात्री होत नव्हती. खात्री पार्वतीकाकूंनी केली. पार्वतीकाकू म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात करडी नजर. उखळापासून हातभरावर पाट टाकून बसायच्या आणि शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत उठायच्या नाहीत. त्या दिवशी त्या आल्या, डबा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "तू कर निवांत. मी न्हेतो सांजच्याला." आणि पाठ फिरवून चालू लागल्या.

मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. पार्वतीकाकूंनी माझ्यावर विश्वास ठेवला याचा अर्थ एकच होता. मी आत गेले आणि मालकांना विचारलं, कॅन्सर आहे ना? ते खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडायला लागले. मी रडले नाही. मला राग आला होता. गल्लीला माझ्याआधी कळलं याचा राग.

शेक

दवाखाना कळंब्याच्या रस्त्याला, गावाबाहेर. मशीनखाली झोपवून किरण देतात त्याला सगळे शेक म्हणायचे. मानेवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून बजावलेलं. मी आरशात रोज बघायची, रेघ कालच्याच जागी आहे का. एकदा मला ती बोटभर सरकलेली वाटली. मशीनवरच्या पोराला मी खोलीबाहेर थांबवून ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावून मोजायला लावलं. रेघ जागेवरच होती. डॉक्टर चिडले नाहीत. मोजायला लावलंत ते बरं केलंत, म्हणाले, आणि मला त्या सौजन्याचाही संशय आला.

आधी मी घरून ये-जा करत होते. पण पंधरवड्यात घसा आतून सोलून निघाल्यासारखा झाला. पाणी प्यायचं तरी आधी मन घट्ट करावं लागे. जिभेची चव गेली. ज्या बाईनं सगळ्या पेठेची चटणी चाखून मिठाचा अंदाज सांगितला, तिला भात आणि कागद यातला फरक कळेना. वजन भराभर उतरायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दाखल करून घेतलं.

वॉर्डात सकाळी फरशी पुसायचे, मग वजन, मग शेकासाठी नंबर, मग परत येऊन छताकडं बघत पडायचं. शेजारच्या कॉटवर शिरोळकडची शेवंता होती. तिच्या नवऱ्याचा ऊस पुरात झोपला होता, त्यामुळं तिच्याबरोबर राहायला कुणी नव्हतं. मालक डंक सांभाळून दोन वेळा यायचे. डब्यात पेज असायची, ती घरापासून इथं येईपर्यंत गार होऊन तिच्या गाठी व्हायच्या. संगीता होती तोवर बरं होतं. ती कबनूरला परत गेली आणि मालकांच्या हातची पेज सुरू झाली. ते बिचारे मन लावून करायचे, पण त्या गाठी माझ्या घशातून उतरायच्या नाहीत. मी दोन चमचे घ्यायची आणि बाकीचं गुपचूप बेसिनमध्ये ओतायची.

डॉक्टरांनी एका सकाळी कॉटपाशी उभं राहून स्पष्ट सांगितलं. वजन असंच उतरत राहिलं तर शेक थांबवावा लागेल. मध्येच थांबला तर आतापर्यंतचं सगळं फुकट जाईल, आणि गाठ पुन्हा डोकं वर काढेल. नाही तर नाकातून नळी घालू. नळीला मी नकार दिला. नळीतून माझ्या पोटात काय जातंय हे मला कळणार कसं? डॉक्टर म्हणाले, "मग तोंडानं खा. तुमच्या आजारावर या घडीला दुसरं औषध नाही."

रत्नाक्का

याच सुमारास रत्नाक्का आल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, फिकट सुती पातळ, हातात टॉवेलात गुंडाळलेला मोठा स्टीलचा डबा. रोज दुपार कलताना यायच्या आणि ज्यांच्याबरोबर कुणी नाही अशांना ऊन ऊन पेज नाही तर आंबील द्यायच्या. त्यांचं माहेर सीमेवरचं, बोलताना मराठीत कानडी मिसळायची. पहिल्याच दिवशी माझ्या कॉटपाशी येऊन म्हणाल्या, "तंगी, थोडी पेज घे की." तंगी म्हणजे धाकटी बहीण. पहिल्या भेटीत नातं जोडणाऱ्या माणसापासून मी चार पावलं लांब राहते. मी मानेनंच नको म्हटलं.

त्यांनी आग्रह केला नाही. शेवंताला वाटी भरून दिली, तिची उशी सारखी केली, आणि जाताना खिडकीतून बाहेर बघितलं. पुढं रोज तसंच. पेज वाढायची, कुणाची वेणी घालायची, कुणाचे पाय चेपायचे, अधूनमधून खिडकीकडं बघायचं आणि ऊन उतरायच्या आत घाईनं निघून जायचं. ही बाई खिडकीतून कुणाची वाट बघते, हे शोधायला मी एकदा उठून खाली पाहिलं. रस्त्यावर एक ट्रॅक्टर आणि झाडाखाली रिक्षा. रिक्षावाल्याचा चेहरा मी नीट बघून ठेवला.

मी शेवंतावरही लक्ष ठेवून होते. रोज तिची पेज झाली की तिच्याकडं बघत बसायची. तिला काही होतं का, गुंगी येते का. तिला काही झालं नाही. उलट गालावर थोडा तजेला दिसायला लागला. तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. विष कुणी घालत नसतं, हे मलाही कळत होतं. पण फुकट काही मिळत नाही, मागाहून बिल येतं, हे मी बाजारात राहून शिकले होते. कोणत्या तरी संस्थेच्या असतील, फोटो काढून देणग्या मिळवत असतील. नाही तर घरातलं कुणी महापालिकेला उभं राहणार असेल. नाही तर पुण्य. रत्नाक्का जैन आहेत हे शेवंताकडून कळलं, तेव्हा पुण्याचा संशय पक्का झाला. माझ्या सोललेल्या घशावर पाय देऊन कुणी स्वर्गात जाणार असेल, तर मी तो घसा द्यायला तयार नव्हते.

मालक मात्र त्यांच्याशी गप्पा मारायचे. आमचं हे माणूस रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याला घरी चहाला आणणारं. एकदा मी शेकाहून परत आले तर हे रत्नाक्कांना आमचं सगळं सांगत बसलेले. डंक कुठं, जागा स्वतःची, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, मुलगी कबनूरला दिली, मागं कुणी नाही. आणि त्यांनीही सांगितलं होतं की त्यांचा मुलगा बिल्डर आहे.

मला सगळं एका क्षणात उलगडलं. त्या काळात आमच्या पेठेत कोपऱ्याच्या जागा एकामागून एक जात होत्या. जुनी घरं पाडून खाली दुकानं, वर फ्लॅट. आजारी बाई, साधाभोळा नवरा, मागं कुणी नाही. याहून सोपं गिऱ्हाईक कुठं मिळणार होतं? रत्नाक्का गेल्यावर मी मालकांना घसा फुटेपर्यंत बोलले. फुटेपर्यंत म्हणजे कुजबुजत, कारण आवाज नव्हताच. जन्मभर ओरडून बोललेल्या बाईला कुजबुजत भांडावं लागतं यासारखी शिक्षा नाही. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या पोटात कुणाचं का हुईना, दोन घास गेलं पायजेत एवढंच मला कळतंय. जागा गेली तर गेली." आणि डबा तिथंच टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आले नाहीत. एवढ्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच रागावले होते, आणि मी घाबरले.

फाटकापाशी

मालकांनी रत्नाक्कांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं, हिच्या डोळ्यांदेखत केल्याशिवाय ही काही खाणार नाही, स्वभाव आहे. वॉर्डात स्टोव्ह पेटवायची परवानगी नव्हती. दुसरं कुणी असतं तर समजूत घालायला बसलं असतं. रत्नाक्कांनी ते सांगणं शब्दशः धरलं.

कोल्हापुरात दूधकट्टे आहेत. गवळी संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. पाणी घातलं का हा प्रश्नच नाही, सगळं समोर. आमच्या गावाचा स्वभाव त्या कट्ट्यावर दिसतो आणि मला तो लहानपणापासून पटलेला आहे. दुसऱ्याच्या हातचं मी एवढं एकच निर्धास्त पीत आले. कळंब्याकडचा एक गवळी रोज दुपारी आपली म्हैस घेऊन दवाखान्यावरूनच गंगावेशीच्या कट्ट्याकडं चालत जायचा.

एका दुपारी खाली गलका ऐकू आला. वॉचमन कुणावर तरी ओरडत होता. शेवंता खिडकीशी जाऊन बघून आली आणि म्हणाली, "वैनी, तुमच्यासाठी म्हस आलीया." मला वाटलं शेकानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. उठून बघितलं तर फाटकाबाहेर काळीभोर म्हैस, गवळी खाली बसलेला, शेजारी रत्नाक्का डोक्यावर पदर घेऊन उभ्या, आणि वॉचमन त्यांना समजावतोय की दवाखान्यात जनावर चालत नाही. रत्नाक्का म्हणत होत्या, आत कुठं आलीया, ती रस्त्यावर हाय की.

मी खाली गेले. कशासाठी गेले हे आज सांगता येत नाही. भूक होती का? भूक मला महिन्याभरात लागली नव्हती. बहुतेक हसायला गेले असेन. गवळ्यानं माझ्यासमोर तांब्या पालथा करून दाखवला, आत काही नाही. मग धार काढली. तेवढ्यात वॉर्डातली नर्स धावत आली, कच्चं दूध अजिबात द्यायचं नाही म्हणाली. फाटकाशेजारी चहाची गाडी होती, तिथं माझ्यापुढंच दूध उकळलं. तांब्यातून पातेल्यात, पातेल्यातून ग्लासात, मी एकदाही नजर हलवली नाही. कोमट झाल्यावर प्यायले. घसा जळत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ग्लास रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशीही म्हैस आली. तिसऱ्याही. आठवड्यानं वजनाचा काटा उतरायचा थांबला. डॉक्टर फाटकापर्यंत येऊन ती म्हैस बघून गेले. शेक चालू राहिला.

आणि माझा संशय? तो कमी झाला असं वाटत असेल तर तुम्ही मला अजून ओळखलं नाही. एका चटणीवाल्या बाईसाठी म्हैस आणून उभी करणारी माणसं साधी नसतात. एवढी मेहनत म्हणजे कोपऱ्याची जागा चांगलीच मनात भरलेली दिसते, असा मी हिशेब केला. दूध पीत होते, पण रत्नाक्कांच्या हातची पेज घेत नव्हते. दुधाची गोष्ट वेगळी होती. ते म्हशीचं होतं.

विचारून टाकलं

शेक संपत येतात तसं अंगातलं बळ जातं, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. एके दिवशी मशीनच्या खोलीतून बाहेर येताना डोळ्यांपुढं अंधारी आली. जाग आली तेव्हा सलाईन लावलेलं होतं आणि रत्नाक्का माझा हात धरून स्टुलावर बसल्या होत्या. सलाईन थेंब थेंब पडत होतं. बाहेर ऊन उतरलं. मग दिवस मावळला. त्या खिडकीकडं बघत होत्या, पण उठल्या नाहीत. मालक आल्यावरच गेल्या.

मालक म्हणाले, "आज त्या उपाशीच ऱ्हाणार. दिवस मावळल्यावर खात न्हाईत ते लोक." तेव्हा मला खिडकीचं कोडं सुटलं. त्या सूर्य बघायच्या. वेळेत घरी पोचून जेवायचं म्हणून. मला वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटलंही, पण त्याआधी वाटलं की आता हा उपासही माझ्या खात्यावर चढला. मला ते सहन होईना. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी, गवळी म्हशीच्या कासेला पाणी लावत होता तेव्हा, मी रत्नाक्कांना बाजूला घेतलं आणि उरलेल्या आवाजात विचारलं, "अक्का, खरं सांगा. तुमच्या पोराला आमचा कोपरा पायजे, व्हय का न्हाय?"

त्यांनी डब्याचा टॉवेल सारखा केला. रागावल्या नाहीत. "पायजे असंल की," म्हणाल्या. "त्याला सगळ्या गावाचं कोपरं पायजेत. पर त्यासाठी तो मला कशाला धाडंल? मी पिशवी घिऊन भाजीला गेलो तरी त्याला लाज वाटतीया."

"मग पुण्यासाठी येता?"

"पुण्य मिळतंय म्हणत्यात. मला काय दिसलं न्हाय अजून."

"मग का येता?"

गवळ्याच्या तांब्यात धारेचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "घरात सकाळी सगळी आपापल्या गाडीनं जात्यात. स्वैपाकाला बाई हाय, धुण्याला बाई हाय. मला म्हणत्यात, आई, तू बस निवांत. बसून बसून माणूस मरतंय की गं. हितं आलो की शेवंता वाट बघत असती. तू तोंड वाकडं करतीस. वाकडं का हुईना, माझ्याकडं बघून करतीस. माझ्यासाठी येतोय मी, तंगी. तुमच्यासाठी न्हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. माझा संशय खरा होता. या बाईला काहीतरी हवंच होतं, आणि ते त्या रोज डब्याबरोबर घेऊन जात होत्या. मला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस मी त्यांच्या चेहऱ्यावर जे शोधत होते ते सापडलं होतं, आणि त्यात माझं काही जाणार नव्हतं. मी हात पुढं केला आणि डबा मागितला.

पेज मऊ होती. तांदूळ बोटांनी चुरडून शिजवलेला, वर तुपाचा थेंब. चव कळत नव्हती, पण गाठ एकही नव्हती. मी फाटकाच्या कट्ट्यावर बसून खाल्ली आणि रत्नाक्का समोर उभ्या राहून बघत होत्या. पार्वतीकाकू उखळाकडं बघायच्या तशा, डोळ्याची पापणी न हलवता.

नंतरचं थोडं

जे सध्या अशा कॉटवर पडले आहेत त्यांना एवढंच सांगते. येणाऱ्याचा संशय येत असेल तर लाजू नका, पण मनात ठेवून उपाशीही राहू नका. सरळ विचारा, तुम्हाला यातून काय मिळतं? खरं माणूस उत्तर देतं. जो म्हणेल की मला काहीच मिळत नाही, त्याच्यापासून जपून राहा.

हे मी आता दुसऱ्या बाजूनंही सांगू शकते. बरी झाल्यावर मी रत्नाक्कांबरोबर त्याच वॉर्डात जायला लागले. पुढं दोन हजार सालानंतर त्यांचे गुडघे गेले, तेव्हा मी एकटीही जात होते. पहिल्या दिवशी मी स्वतःवरच नजर ठेवून होते की ही बाई इथं कशाला आली. कळायला वेळ लागला नाही. चार पेशंटांना भरवून घरी आले की मला कडकडून भूक लागायची. आजारानंतर भूक म्हणजे काय हेच मी विसरले होते. घरी मालकांशी चांगलं बोलायची, ते घाबरून विचारायचे, बरं हाय ना? माझ्या घोगऱ्या आवाजाला डंकावर गिऱ्हाईक हसायचं, वॉर्डात तोच आवाज ऐकून नवी पेशंट उठून बसायची, की हिचा घसा गेला होता आणि ही चालते-बोलते आहे. तो भाव चेहऱ्यावर बघायला मी जायची. मला तो हवा असायचा. यात त्याग वगैरे काही नाही, आणि कुणी सत्काराला बोलावलं तर मी जात नाही.

रत्नाक्कांचा मुलगा पुढं एकदा खरंच आला, कोपऱ्याचं विचारायला. मी नाही म्हटलं. रत्नाक्का माझ्याच शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ती देणार न्हाय तुला. जा." तो गेला.

शेवटचा शेक

शेवटच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. शेवंता आदल्याच आठवड्यात शेक संपवून घरी गेली होती, तिची कॉट अजून रिकामीच होती. मशीनवरच्या पोरानं माझ्या मानेवरच्या रेघा पुसून टाकल्या. डॉक्टर म्हणाले, घाव भरायला वेळ लागेल, पण आता खाणं हळूहळू वाढवा. वाढवलं होतंच. त्या सकाळी मालकांनी आणून दुधात कुस्करून दिलेली भाकरी मी अख्खी खाल्ली होती. ते बघत राहिले होते आणि मग तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले होते.

दुपारी मालक पिशव्या भरत होते तेव्हा रत्नाक्का आल्या. मी घरी निघाले हे बघून म्हणाल्या, चांगलं झालं, चांगलं झालं. दोनदा म्हणाल्या. पण माझी नजर जन्मभर माणसांच्या तोंडावर बसलेली. त्यांचं तोंड आनंदलं नव्हतं. त्यांनी माझ्या रिकाम्या कॉटकडं बघितलं, मग शेवंताच्या. मग डबा कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा तो हातातच धरला. मी बरी झाले होते आणि त्यांचं एक माणूस गेलं होतं.

मला त्यांचा राग आला नाही. माझ्या बरं होण्यानं वाईट वाटणारं जगात कुणी असावं, याचा राग यायला हवा होता.

मी म्हटलं, "अक्का, यांच्या हातची पेज मला अजून गिळता येत न्हाय. गाठी लागत्यात. उद्यापासनं घरी याल काय?"

मालकांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. सकाळची भाकरी त्यांनीच कुस्करली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रत्नाक्कांकडं बघितलं, आणि पिशवीची गाठ मारायला लागले. म्हणाले, "व्हय, गाठी लई हुत्यात माझ्या."

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना रत्नाक्का मंगळवार पेठेत आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी नुकतीच भात खाऊन उठले होते. पोटात तीळभर जागा नव्हती. त्यांनी डबा उघडला, वाटी भरली आणि समोर बसल्या. मी सगळी पेज खाल्ली, वाटी पुसून घेतली आणि म्हटलं, उद्या जरा घट्ट करून आणा.